तोंडाची कोरड चार लिटर पाण्याने जात नाही

इंदूरच्या मराठी घरांमधल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर उन्हाळा लागला की एक मेसेज फिरतो. मजकूर साधारण असा: ‘तोंड कोरडं पडतं म्हणजे शरीरात पाणी कमी. दिवसाला चार लिटर पाणी प्या, लिंबाची फोड चोखा, तुरटीच्या गुळण्या करा, जेवणानंतर सुपारी चघळा, इंग्रजी गोळ्या बंद करा. वय झालं की हे व्हायचंच.’ यात एक-दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणून लोकांना तो पटतो. पण तो मानून चालणाऱ्याचे दात जातात, कधी त्याहून जास्त काही बिघडतं.

‘पाणी कमी, म्हणून चार लिटर.’ मे महिन्याच्या उन्हातून घरी आल्यावर दोन ग्लास पाण्याने बरं वाटलं, तर ती तहान होती. पण पाणी पिऊन पाच मिनिटांत जीभ पुन्हा टाळूला चिकटते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, पोळीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही आणि हे महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा कमी पडलेली असते लाळ. निरोगी माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. तिच्यात 99 टक्के पाणीच, पण काम करतो तो उरलेला एक टक्का: बुळबुळीत ठेवणारी प्रथिनं, आम्ल मारणारं बायकार्बोनेट, दातांची झीज भरणारं कॅल्शियम आणि फॉस्फेट. घटाघटा पाणी प्यायल्याने तोंडात टिकून असलेला तो बुळबुळीत थरही धुतला जातो. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला तर पाण्याचं माप डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं. बीपीसाठी थायझाइड गटातली लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाने वर चार लिटर पाणी प्यायलं, तर रक्तातलं सोडियम घसरून तो बडबडू लागू शकतो, तोल जाऊन पडू शकतो. पाणी प्यावं ते एकेक घोट, तोंडात घोळवून.

लाळ खरंच कमी आहे का, याचा घरी अंदाज घेता येतो. तासभर काही खाऊ-पिऊ नका. खुर्चीत मान जराशी खाली घालून बसा आणि पाच मिनिटं लाळ आपोआप छोट्या वाटीत पडू द्या. ओढून थुंकू नका. मग सुई काढलेल्या दोन मिलीच्या सिरिंजने ती मोजा. दीड मिलीच्या आसपास भरली तर ठीक. अर्ध्या मिलीपेक्षा कमी आली तर दंतवैद्याला दाखवायलाच हवं. दंतवैद्याचा आरसा गालाच्या आतल्या बाजूला चिकटतो, हीही तशीच खूण.

‘लिंबू चोखा.’ लिंबाने लाळ सुटते, हे खरं. पण लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दोन-अडीच, आणि दाताचं वरचं कवच साडेपाचच्या खालीच विरघळू लागतं. भरपूर लाळ असली तर ती हे आम्ल धुऊन टाकते. कोरड्या तोंडात ते तसंच बसून राहतं. हिरड्या सरकून उघडी पडलेली मुळं तर याहून कमी आम्लात किडतात, आणि हिरडीलगतची ती कीड भरायला फार अवघड. साखरेच्या आंबट गोळ्यांचंही तेच. त्याऐवजी जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) बिनसाखरेचं च्युइंग गम चघळा. घरात कुत्रा असेल तर पाकीट उंच ठेवा, झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं.

‘तुरटीच्या गुळण्या.’ तुरटी, लाळेतली बुळबुळीत प्रथिनं साकळवते. गुळणीनंतर तोंड स्वच्छ वाटतं आणि घटकाभरात आणखी ओढल्यासारखं होतं. अल्कोहोलवालं माउथवॉशही टाळा. गुळणीला ग्लासभर पाण्यात चहाचा पाव चमचा खायचा सोडा पुरे, रोज ताजा करून. इथे एक चूक नेहमी होते: बेकिंग पावडर घेतली जाते. तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं, ती चालत नाही. धुण्याचा सोडा तर तोंड भाजेल.

‘सुपारी चघळा.’ मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगजनक ठरवलं. गाल आतून ताठ होत जातो आणि तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी आत जात नसतील तर आजच दाखवा. पाहुण्यांपुढे तबक ठेवायचंच असेल तर साधी बडीशेप ठेवा, साखर चढवलेली नको.

‘गोळ्या बंद करा.’ मेसेजमधलं सगळ्यात खरं आणि सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच. सततच्या कोरडेपणाचं सगळ्यात नेहमीचं कारण औषधंच असतात: सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, डोकेदुखी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीवरच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. पण बीपीची किंवा नैराश्याची गोळी एकदम सोडली तर त्रास उलटतो. त्यापेक्षा वहीचं एक पान घ्या. प्रत्येक औषधाचं नाव, डोस, वेळ आणि ते कधी सुरू झालं ते लिहा. कोरड कधी सुरू झाली तेही लिहा. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली सर्दीची गोळी हमखास राहून जाते, ती विसरू नका. डॉक्टरांना विचारा: डोस कमी होईल का, दुसरी गोळी आहे का, रात्रीची सकाळी घेतली तर चालेल का? झोपेत लाळ आधीच जवळपास थांबते, म्हणून तिसरा प्रश्न महत्त्वाचा.

‘वय झालं की व्हायचंच.’ वयाबरोबर वाढतात त्या गोळ्या. मधुमेह तपासून घ्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, कानापुढची ग्रंथी सुजत असेल, सांधे दुखत असतील तर श्योग्रेनचा आजार असू शकतो; त्यात शरीराची प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटते. तो बहुतेक करून बायकांनाच, चाळिशी-पन्नाशीनंतर होतो. ‘चाळिशीनंतर असंच असतं’ म्हणत बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात, याचं फार वाईट वाटतं. त्यासाठी रक्ततपासणीत अ‍ॅंटी-रो नावाची अँटीबॉडी बघतात.

कारण सापडेपर्यंत दात वाचवायचे. ट्यूबवर फ्लोराइड 1000 पीपीएम किंवा जास्त लिहिलेलं बघा. बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये ते नसतंच. दोन वेळा ब्रश करा, थुंका, पण चूळ भरू नका. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा, नाहीतर टाळूवर बुरशी धरते. पोह्यांवर कोरडी शेव आणि जिरावण मसाला घेण्याऐवजी उसळ-पोहे रस्सा घालून खा. झोपताना अर्धा चमचा खोबरेल जिभेवर आणि गालांच्या आतून बोटाने फिरवा. कूलरचा किंवा एसीचा झोत तोंडावर येऊ देऊ नका. नाक चोंदत असेल तर आधी त्याचा इलाज करा.

एवढं करूनही भागलं नाही तर लाळ सुटायला लावणारं पिलोकार्पिन हे औषध आहे: बहुधा पाच मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. घाम येतो, लघवी वाढते; काबूत नसलेला दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर चालत नाही. लाळेची ग्रंथी थोडी तरी जिवंत असली तरच ते काम करतं, आणि मानेला रेडिएशन झालेल्यांना फरक दिसायला कधी 12 आठवडे लागतात. चार दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका.