ध्येय ठीक, पण पगाराचं काय?

आफ्रिकेतल्या खेड्यांत पहिल्या नोकरीने तरुणांना जगण्याचं ध्येय दिलं, हा लेखाचा सूर पटला. पगाराचा मुद्दा मात्र दोन ओळींत उरकलाय. इथिओपियाचंच घ्या. २००३ मध्ये तिथल्या सरकारने आरोग्य विस्तार कार्यक्रम सुरू केला. दहावी झालेल्या, शक्यतो त्याच भागातल्या मुली निवडून वर्षभर शिकवलं आणि साधारण ५,००० लोकवस्तीमागे दोघींना नेमलं. अशा ३०,०००हून जास्त जणी कामाला लागल्या. घरोघर जाऊन संडास बांधलाय का, हात धुवायची सोय आहे का, बाळाची लस राहिलीय का, हे बघायचं आणि त्या त्या घराच्या फाइलीत नोंदवायचं. कालपरवापर्यंत शाळेत जाणारी पोर म्हाताऱ्याकोताऱ्यांना संडासावरून चार शब्द सुनावते आणि ते ऐकूनही घेतात (कुरकुरत का होईना)!

मुख्य म्हणजे त्या सरकारी पगारावर आहेत. पगार तुटपुंजा आणि पायपीट भरपूर, ही रड तिथेही आहेच. पण आपल्या आशाताईंशी ताडून बघा. काम बरंचसं तेच, हातात पडतं ते मानधन, आणि ते वाढवून मागायला आझाद मैदानात ठाण मांडावं लागतं. लेखकाने यावर सविस्तर लिहावं.