हुर्राकातली मिरची चिरावी, ठेचू नये

मार्च उजाडला की गोव्यात हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या बोंडांपासून गाळलेल्या सौम्य मद्याचे, दिवस सुरू होतात आणि घरोघरी हुर्राक, लिंबू, मीठ, लिम्का आणि हिरवी मिरची यांचे ग्लास भरू लागतात. घरच्या घरी करता येणाऱ्या तिखट मद्यपेयांमध्ये इतके सोपे आणि इतके चांगले पेय मला दुसरे माहीत नाही. म्हणूनच हल्ली त्याचे जे केले जाते ते मला मनापासून खटकते. मिरच्या खलबत्त्यात ठेचून घालायच्या, ग्लासच्या कडेला तिखटपूड फासायची, त्यावर बाटलीतला मिरचीचा सॉस ओतायचा आणि पाहुण्याला पहिल्या घोटालाच ठसका लागला म्हणजे पेय जमले असे समजायचे, ही पद्धत हुर्राकावर अन्याय करणारी आहे.

हुर्राक म्हणजे काय, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवे. झाडावरून आपोआप गळून पडलेली, पूर्ण पिकलेली काजूची बोंडे वेचायची, बी पिळून वेगळी करायची, बोंडे तुडवून किंवा यंत्रात चिरडून रस काढायचा, तो काही दिवस आंबू द्यायचा आणि मग भाटीवर, म्हणजे मद्य गाळण्याच्या भट्टीवर, चढवायचा. या पहिल्या धारेला मिळते ते हुर्राक. त्यात मद्याचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असते. तेच हुर्राक पुन्हा गाळले की फेणी होते आणि हे प्रमाण ४२ ते ४५ टक्क्यांपर्यंत चढते. फेणी वर्षानुवर्षे टिकते, किंबहुना मुरल्यावर अधिक चांगली लागते. हुर्राकाचे तसे नाही. त्यातला बोंडूचा ताजा, किंचित तुरट, फळाचा वास हीच त्याची सगळी श्रीमंती असते आणि काही महिन्यांत तो वास उतरतो. जे पेय वर्षातून जेमतेम तीन महिने मिळते, ज्याच्यामागे उन्हात वाकून बोंडे वेचणाऱ्या माणसांचे कष्ट आहेत, त्याचा वासच झाकून टाकणारी मिरची कशासाठी घालायची?

मिरची घालूच नये, असे मात्र माझे म्हणणे अजिबात नाही. हुर्राक आणि मिरची यांचे नाते जुने आहे. काजू आणि मिरची ही दोन्ही झाडे मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर आली आणि इथल्या मातीत अशी रुजली की ती परकी होती यावर आज कोणाचा विश्वास बसू नये. हिरव्या मिरचीला तिखटपणाखेरीज स्वतःचा एक कोवळा, पालेदार वास असतो आणि तोच बोंडूच्या गोडसर वासाला उठाव देतो. आपल्याला हवा असतो तो हा वास. तिखटपणा त्याच्या मागून, घोट गिळल्यावर जिभेच्या कडेला हलकेच यावा.

वास आणि जाळ हे दोन्ही मिरचीत एकाच ठिकाणी नसतात, ही गोष्ट इथे आपल्या कामाची आहे. मिरचीला तिखट करणारे कॅप्सायसिन मुख्यतः बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत तयार होते. पाण्यात ते जवळपास विरघळत नाही, मद्यात मात्र सहज विरघळते. मिरची ठेचली की ही शीर फुटते, तिचा चोथा पेयात पसरतो आणि मग तो गाळून काढता येत नाही. मिरची नुसती उभी चिरली, तर हिरव्या सालीचा वास लवकर उतरतो, जाळ सावकाश उतरतो आणि आपल्याला हवे तेव्हा मिरची उचलून बाजूला ठेवता येते. ४० टक्के मद्य असलेल्या टकीलात किंवा व्होडकात मिरचीच्या चकत्या टाकून ठेवल्या, तर काही तासांतच बाटली पिण्याच्या पलीकडे जाऊ शकते. हुर्राक सौम्य असल्यामुळे ते आपल्याला विचार करायला वेळ देते.

जिभेचेही एक शास्त्र आहे. कॅप्सायसिन ज्या चेतातंतूंना चेतवते, ते मुळात उष्णता ओळखण्यासाठी असतात. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये त्यांच्यावरचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ही जाणीव टिपणारा रेणू, शोधून काढला आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मद्यामुळे हा ग्राहक अधिक हळवा होतो आणि थंडाव्याने त्याचा दाह दबतो. त्यामुळे बर्फाने गच्च भरलेल्या ग्लासातले तिखट सुरुवातीला कमी जाणवते आणि बर्फ वितळून पेय कोमट होऊ लागले की तोच तिखटपणा अंगावर येतो. पहिल्या घोटाला ‘थोडे कमीच झाले’ असे वाटणारे पेय बहुधा योग्य तिखट झालेले असते.

माझी पद्धत अशी आहे. ग्लासात अर्ध्या लिंबाचा रस पिळून त्यात चिमूटभर मीठ आधी विरघळवून घ्यावे, कारण लिम्का ओतल्यावर ते वरून टाकले तर सगळा फेस उसळून त्यातला वायू निघून जातो. मग ६० मिली हुर्राक घालावे. एक लांब, मध्यम तिखट हिरवी मिरची देठापासून टोकापर्यंत एका बाजूने चिरून, शीर आतच ठेवून, त्यात सोडावी आणि दोन-तीन मिनिटांनी चाखून पाहावे. बोंडूचा वास आधी आणि मिरचीचा नंतर येत असेल तर मिरची लगेच काढावी. त्यानंतर भरपूर बर्फ आणि साधारण १५० मिली थंडगार लिम्का, ग्लास तिरका धरून, हळूच. लवंगी मिरची घरात असेल तर ती ठेच्यासाठी राखून ठेवावी. तिच्यात वासापेक्षा जाळ फार आहे. बाटलीतल्या सॉसमध्ये बहुधा व्हिनेगर असते आणि ते बोंडूच्या वासाला मारते, म्हणून त्याला इथे जागा नाही. टोमॅटोच्या रसाच्या ब्लडी मेरीत तो सॉस शोभतो, कारण त्या रसाला ते आंबट धारदारपण पेलते.

हुर्राक मिळत नसेल तर काजू फेणी ३० मिली घ्यावी आणि मिरची मिनिटभरच ठेवावी, कारण फेणीत जाळ भराभर उतरतो. फेणीचा वास उग्र असल्याने लिंबू किंचित जास्त लागते. महाराष्ट्रातल्या मित्रांनी गोव्याहून बाटली आणताना परवान्याचे नियम पाळावेत, ही विनंती. आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडे काजूच्या इतक्या बागा असूनही बहुतेक बोंडे झाडाखाली कुजून जातात, याचे मला दर उन्हाळ्यात वाईट वाटते. कायदेशीर, परवानाधारक भाट्यांना तिथे वाव मिळाला तर बागायतदाराला बीबरोबर बोंडूचेही पैसे मिळतील.

सोबत खायला तळलेले मासे किंवा ओल्या काजूगरांची उसळ ठेवावी. तिखट जास्त लागलेच तर पाण्याने ते तोंडभर पसरते. दूध, दही किंवा तेलकट घासाने मात्र उतार पडतो. मिरची चिरल्यावर हात साबणाने दोनदा धुवावेत. आणि घरी न पिणारे कोणी असेल, किंवा ज्याला गाडी चालवत परत जायचे आहे असा पाहुणा असेल, तर हंगामात सकाळी मिळणारा बोंडूचा ताजा, न आंबलेला निरो त्याच्यासाठी आणून ठेवावा. त्यातही हेच लिंबू, हेच मीठ आणि अशीच चिरलेली मिरची घालता येते. मद्य नसल्यामुळे तिचा जाळ फारसा उतरत नाही, म्हणून मिरची पाच-सात मिनिटे राहू द्यायला हरकत नाही. निरो मात्र दुपारच्या उन्हात लगेच आंबू लागतो, तेव्हा तो आणल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवावा आणि त्याच सकाळी संपवावा.