अनंताची चूक आमची, मोगऱ्याची नाही

नमस्कार ताई,

आमच्या नर्सरीनं जानेवारीत केलेल्या छाटणीवरचा तुमचा अभिप्राय वाचला. मोगऱ्याच्या ‘नुसत्या काड्या’ केल्या, अनंताला यंदा एकही फूल नाही, चाफा छाटा म्हणून तीनदा सांगूनही माळ्यानं ऐकलं नाही आणि ८०० रुपये पाण्यात गेले, असं तुम्ही लिहिलंय. एक तारा दिलात.

आधी अनंत. ती चूक पूर्णपणे आमची. जानेवारीत मोगऱ्यासाठी सिकेटर (छाटणीची कात्री) हातात होतं, तेच शेजारच्या अनंतावरही चाललं. मोगरा नव्या फुटव्यावर फुलतो. अनंताची कळी आधीच्या वाढीच्या शेंड्यावर धरते, त्यामुळे शेंड्यांबरोबर तुमची यंदाची फुलंही पोत्यात भरून गेली. अनंत छाटायचा तो फुलं ओसरल्यावर लगेच, दोन-तीन आठवड्यांच्या आत आणि तोही हलक्या हातानं. आमच्या माळ्याला हे माहीत असायला हवं होतं. त्याला नसेल, तर मी सांगायला हवं होतं. तेवढ्या कामाचे पैसे परत करतोय. यंदा झाडाला हात लावू नका, वाळलेली काडी दिसली तर तेवढी काढा.

मोगऱ्याचं मात्र मी कबूल करणार नाही. तुम्ही टाकलेला फोटो जानेवारीतला आहे आणि त्यात झाड भुंडं दिसतंय, हे खरं. पण ते मुद्दाम केलेलं आहे. डिसेंबरात पाणी तोडून झाडाला पंधरा दिवस ताण दिला, पानं उतरवली आणि जमिनीपासून दीड फुटावर छाटलं. शेतात मोगरा लावणारेही थंडीत हेच करतात. न छाटलेला मोगरा नुसता पसरतो, पानं भरपूर आणि फुलं देवापुरती. मार्चअखेर मी शेणखत घालायला आलो, तेव्हा फुटव्याफुटव्याला कळ्या होत्या. घरी न्यायला ताटलीभर कळ्या तुम्हीच दिल्या होत्यात! म्हणून तो एक तारा बघून जरा लागलं, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट तेव्हा सांगायची राहून गेली. एक बहर संपला की वाळलेले झुबके तसेच ठेवू नका. झुबक्याखालच्या पानांच्या एक-दोन जोड्या घेऊन कापा. तिथूनच फूट येते आणि तिच्या टोकाला पुन्हा कळी. हे घरच्या कात्रीनंही जमतं, त्यासाठी आम्हाला पैसे द्यायची गरज नाही.

चाफ्याला माळी ‘नाही’ म्हणाला ते बरोबर, फक्त कारण न सांगता म्हणाला. चाफ्याचं फूल फांदीच्या शेंड्यालाच येतं. जानेवारीत शेंडे मारले असते तर उन्हाळ्याचा बहर गेला असता. आता पावसात छाटला तर काप कुजतो. फांद्या वायरला लागताहेत हे मी पाहिलंय. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की येतो, यंदा निम्म्या फांद्या घेऊ आणि निम्म्या पुढच्या वर्षी. छाटलेल्या फांद्यांवर पुढच्या उन्हाळ्यात फुलं कमी दिसतील, हे आत्ताच सांगून ठेवतो.

शिडी आम्हीच आणू. फक्त त्या दिवशी नातवाला झाडाखाली खेळू देऊ नका, चाफ्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार झोंबतो.

— नर्सरीचा मालक