दोन डगरींवर पाय ठेवून टेडी मॅकार्थी पडला नाही

टेडी मॅकार्थीचं नाव निघालं की एक ठरलेला दावा हमखास फिरायला लागतो. जून २०२३ मध्ये तो ५७ व्या वर्षी गेला तेव्हाही फिरला आणि दर सप्टेंबरला परत फिरतो. थोडक्यात दावा असा: हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे आयर्लंडचे हौशी खेळ, मैदान एक, गोलपोस्ट एक, म्हणजे जवळजवळ एकच खेळ, त्यामुळे दोन्ही खेळणं काही फार मोठं नाही. टेडीने १९९० मध्ये एकाच वर्षी दोन्हीची ऑल-आयर्लंड, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची, मेडल्स घेतली, इतिहासात असं करणारा तो एकटाच, पण त्यात नशीबाचा भाग मोठा. असे दोन्ही खेळणारे ड्युअल प्लेअर म्हणजे दोन डगरींवर पाय ठेवणारे, धड इकडचे नाही धड तिकडचे नाही. आणि आता असं कोणी करत नाही कारण आजकालच्या पोरांत तेवढा दमच राहिला नाही.

मी कॉर्कमध्ये राहतो, टेडी याच काउंटीचा (काउंटी म्हणजे जिल्हा, इथे मोठे संघ जिल्ह्यांचे असतात), शहराच्या अगदी शेजारच्या ग्लॅनमायरचा. आमच्या घरामागच्या भिंतीवर शेजारचा मुलगा रोज संध्याकाळी हर्लीने, म्हणजे हर्लिंगच्या काठीने, स्लिटर म्हणजे त्याचा बॉल आपटत असतो, त्या आवाजाची आता इतकी सवय झालीय की तो कुठे गावाला गेला तर चुकल्यासारखं वाटतं. त्यामुळे हा दावा दिसला की मला गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेतो.

आधी ते "एकच खेळ" प्रकरण. दिसायला सारखं आहे हे मान्य. दोन्हीकडे १५-१५ खेळाडू, १३० ते १४५ मीटर लांबीचं तेच मैदान, इंग्रजी एच सारखे पोस्ट, आडव्या दांडीखालून गेला तर गोल म्हणजे तीन पॉइंट आणि वरून गेला तर एक (फुटबॉलमध्ये २०२५ पासून लांबून मारलेल्याला दोन). दोन्ही जीएए (गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन) या एकाच संघटनेचे, १८८४ साली थर्ल्स गावात स्थापन झालेली. पण सारखेपणा इथेच संपतो हो! फुटबॉलमध्ये अर्धा किलोच्या आसपासचा बॉल हातात, चार पावलं पळायचं, मग जमिनीवर टप्पा नाहीतर पायाच्या टोकाने परत हातात उडवायचा, सगळं अंगावर अंग घालून. हर्लिंगमध्ये हातात अ‍ॅश लाकडाची हर्ली, जेमतेम ११०-१२० ग्रॅमचा चामड्याचा स्लिटर, आणि तो नीट बसला की ताशी १५० किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. पळताना तो हर्लीच्या पात्यावर तोलत न्यायचा, हातात दोनदापेक्षा जास्त घ्यायचा नाही, आणि समोरचा तुमच्या बोटांवर काठी घेऊन आलेला असतो. यातलं मनगट आणि नजर सहा-सात वर्षांच्या वयापासून घडवावी लागते, मोठेपणी शिकून येत नाही, म्हणून तर आमच्या मागचा तो पोरगा रोज भिंतीला चिकटलेला असतो. आयर्लंडमधल्या कितीतरी काउंटी फुटबॉलमध्ये तगड्या आहेत आणि हर्लिंगमध्ये त्यांचं नावही कोणी घेत नाही, आणि किलकेनीचं बरोब्बर उलटं. खेळ एकच असता तर असं झालं असतं का?

दोन्हीकडे चालणारी एक गोष्ट टेडीकडे मात्र होती, ती म्हणजे उडी. हवेत सगळ्यांच्या वर जाऊन बॉल पकडणं. इथले जुने लोक त्याच्याबद्दल बोलताना आधी हात डोक्याच्या वर नेतात आणि मग बोलायला लागतात.

आता नशीब. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. टेडी हर्लिंग सार्सफील्ड्स क्लबकडून आणि फुटबॉल ग्लॅनमायर क्लबकडून खेळायचा. कॉर्कच्या सीनियर हर्लिंग संघाकडून चॅम्पियनशिपमधला त्याचा पहिलाच सामना कुठला, तर १९८६ ची ऑल-आयर्लंड फायनल, वय २१, समोर गॉलवे, आणि कॉर्क जिंकलं. फुटबॉलमध्ये १९८७ आणि १९८८ ला कॉर्क लागोपाठ दोन फायनल हरलं, दोन्ही मीथविरुद्ध, त्यातली दुसरी तर बरोबरीनंतरच्या रिप्लेमध्ये. १९८९ ला मेयोला हरवून शेवटी मेडल आलं. म्हणजे १९९० उजाडेपर्यंत हा माणूस दोन्ही खेळांत आधीच चॅम्पियन होता. त्याला नशीबाने उचलून आणून फायनलमध्ये ठेवला नव्हता.

आणि ते १९९० बघा ना कसं होतं. हर्लिंगमध्ये कॉर्कने म्युन्स्टर प्रांताच्या फायनलला आदल्या वर्षीच्या चॅम्पियन टिपरेरीला हरवलं, फुटबॉलच्या म्युन्स्टर फायनलला केरीला चक्क १५ पॉइंटांनी. २ सप्टेंबरला हर्लिंगची फायनल, गॉलवेचा जो कूनी पहिल्या हाफमध्ये कॉर्कच्या बचावाला आवरत नव्हता, हाफटाइमला कॉर्क पाच पॉइंट मागे, आणि तिथून सामना फिरवून ५-१५ विरुद्ध २-२१, म्हणजे पाच गोल पंधरा पॉइंट विरुद्ध दोन गोल एकवीस पॉइंट, हिशोब करा, ३० विरुद्ध २७. मग बरोबर १४ दिवसांनी, १६ सप्टेंबरला, डब्लिनच्या त्याच क्रोक पार्क मैदानावर फुटबॉलची फायनल आणि समोर कोण, तर कॉर्कला दोनदा हरवणारं तेच मीथ. हाफटाइमच्या आधीच कॉर्कच्या कोल्म ओ'नीलला मैदानाबाहेर काढलं, उरलेला सगळा सामना १४ जणांत खेळले आणि ०-११ विरुद्ध ०-९ असा जिंकले. एकही गोल नाही, नुसती घासाघीस. टेडी या दोन्ही फायनल पहिल्या मिनिटापासून खेळला. त्याने एक मेडल बेंचवर बसून मिळवलं असंही काही जण लिहितात, तो बहुतेक कॉर्कच्याच डेनिस वॉल्शशी घोळ होत असावा, कारण वॉल्श त्या वर्षी हर्लिंग फायनल खेळला आणि फुटबॉलमध्ये राखीव होता. दोघांची गोष्ट वेगळी आहे, ती मिसळू नका.

शिवाय हे सगळे अ‍ॅमॅच्युअर. जीएएत खेळण्याचा पगार मिळत नाही, तेव्हाही नव्हता, आजही नाही. सोमवारी सकाळी कामावर जायचं, संध्याकाळी एका संघाच्या ट्रेनिंगला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या, आणि दोन मॅनेजर, दोघांनाही तू पूर्ण हवा असतोस. याला हौशी म्हणून हिणवणाऱ्यांनी एक आठवडा तरी असा काढून दाखवावा.

धड इकडचे नाही धड तिकडचे नाही, हा पुढचा मुद्दा. यावर खरं तर फार लिहायची गरज नाही, यादी बघितली तरी पुरे. कॉर्कच्या रे कमिन्सला १९७१ मध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंचे ऑल स्टार्स पुरस्कार सुरू झाले त्याच पहिल्या वर्षी, हर्लिंग आणि फुटबॉल दोन्हीचा ऑल स्टार मिळाला. जिमी बॅरी-मर्फी, ज्याला इथे सगळे नुसतं जेबीएम म्हणतात, त्याने १९७३ च्या फुटबॉल फायनलला वयाच्या १९ व्या वर्षी दोन गोल एक पॉइंट मारला, नंतर हर्लिंगमध्ये १९७६, ७७, ७८, ८४ आणि ८६ अशी पाच मेडल्स, ऑल स्टार फुटबॉलचे दोन आणि हर्लिंगचे पाच. आजही कॉर्कमध्ये त्याचं नाव काढा, दुकानात बिलिंग थांबतं. ब्रायन मर्फीने मायनर (म्हणजे किशोर गट), अंडर-२१ आणि सीनियर अशा तिन्ही पातळ्यांवर दोन्ही खेळांत ऑल-आयर्लंड जिंकलं. आणि सगळ्यांच्या आधी जॅक लिंच: १९४१ ते १९४४ सलग चार वर्षं हर्लिंग, १९४५ ला फुटबॉल, १९४६ ला परत हर्लिंग, लागोपाठ सहा वर्षं सहा मेडल्स. फुटबॉलचं मेडल आलं त्याच वर्षी तो बॅरिस्टर झाला आणि पुढे दोन वेळा देशाचा पंतप्रधान. कॉर्कमध्ये ली नदीखालच्या बोगद्याला त्याचंच नाव आहे, मी स्वतः त्यातून कित्येकदा जातो.

हे सगळं कॉर्कचंच कौतुक आहे असं कोणी म्हणेल, तर ऑफलीच्या लिअम करम्सचं नाव घ्या. १९८१ ला ऑफलीचं इतिहासातलं पहिलं हर्लिंग ऑल-आयर्लंड, आणि १९८२ ला फुटबॉलमध्ये केरीची सलग पाचव्या विजेतेपदाची गाडी शेवटच्या मिनिटांत अडवणारा तो सुप्रसिद्ध ऑफली संघ, आणि हा पठ्ठ्या दोन्हींत होता. छोटी काउंटी, खेळाडू मोजके, तरीही.

आता "इतिहासात एकटाच". हा मुद्दा ऐकायला टेडीच्या बाजूचा आहे म्हणून लोक सोडून देतात, मी सोडणार नाही, कारण तो चूक आहे आणि तो चुकीचा असल्यामुळे काही माणसं पूर्ण गायब होतात. पुरुषांच्या सीनियर चॅम्पियनशिपमध्ये दोन्ही फायनल प्रत्यक्ष खेळून एकाच वर्षी जिंकणारा टेडी एकटा, हे बरोबर. पण बायका हर्लिंग खेळतात, त्याला कमोगी म्हणतात, आणि बायका गेलिक फुटबॉलही खेळतात. कॉर्कच्याच रीना बकलीकडे फुटबॉलची ११ आणि कमोगीची ७ अशी १८ सीनियर ऑल-आयर्लंड मेडल्स आहेत. अठरा! आणि एकाच वर्षात दोन्ही जिंकण्याचं म्हणाल तर २००५, २००६, २००८, २००९, २०१४ आणि २०१५, सहा वेळा. तिच्याबरोबरीने ब्रीज कॉर्करी या सगळ्यात होती, आणि आधीच्या वर्षांत मेरी ओ'कॉनरही. २०१४ चं तर बघाच: सप्टेंबरमध्ये कमोगी फायनलला किलकेनीला हरवलं आणि दोन आठवड्यांनी फुटबॉल फायनल, डब्लिनविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये १० पॉइंट मागे होत्या, म्हणजे सामना गेल्यातच जमा, आणि तिथून २-१३ विरुद्ध २-१२ असा एका पॉइंटने काढला. टेडीचे ते १४ दिवस, तसेच या बायकांचे १४ दिवस, फरक इतकाच की त्यांचं नाव कोणाच्या पोस्टमध्ये येत नाही. रीना २०१२ ला फुटबॉलची कॅप्टन म्हणून कप घेऊन आली आणि २०१७ ला कमोगीची, दोन्ही खेळांत कॅप्टन म्हणून ऑल-आयर्लंड जिंकणारी ती पहिलीच. यावर कोणी म्हणतं की बायकांच्या संघटना वेगळ्या, त्या जीएए नाहीत. कागदोपत्री खरं आहे, कमोगीची संघटना १९०४ ची, महिला फुटबॉलची १९७४ ची, आणि दोन्ही स्वतंत्र. पण मग पोस्टमध्ये तसं लिहा, पुरुषांमध्ये एकटा असं. एक शब्द वाढवायला जागा जात नाही.

राहिला शेवटचा, आजच्या पोरांत दम नाही. दम आहे, तारीख नाही. टेडीच्या काळात चॅम्पियनशिप नॉकआउट होती, हरलात की घरी, त्यामुळे मोजकेच सामने आणि मध्ये आठवडे मोकळे. १९९७ पासून हर्लिंगमध्ये आणि २००१ पासून फुटबॉलमध्ये हरलेल्यांना दुसरी संधी मिळायला लागली, २०१८ पासून म्युन्स्टर आणि लेन्स्टर या प्रांतांच्या हर्लिंगमध्ये राउंड रॉबिन, म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, आलं, आणि २०२२ पासून काउंटीचा सगळा सीझन जुलैअखेर आटपतो. म्हणजे सामने वाढले आणि महिने कमी झाले. दोन्ही संघांचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा, लागोपाठच्या वीकेंडला तर सोडाच, कधीकधी एकाच वीकेंडला दोन्ही सामने. त्यात जिम, व्हिडिओ, डाएट, रिकव्हरी, आणि एका काउंटी संघाचं एवढं सगळं सांभाळतानाच नोकरीवाल्या माणसाचा आठवडा संपतो. यात कुठला मॅनेजर आपला अर्धा खेळाडू दुसऱ्याला देईल?

आणि बदल पूर्ण व्हायच्या आधी शेवटचं कोण किती जवळ आलं तेही सांगतो. १९९९, शॉन ओग ओ हॅलपीन, आई फिजीतल्या रोटुमा बेटाची, वडील फर्मानाचे, सिडनीहून ११ व्या वर्षी कॉर्कला आलेला मुलगा. त्याच्या कॉर्कने हर्लिंग फायनलला किलकेनीला ०-१३ विरुद्ध ०-१२ असं एका पॉइंटने हरवलं, आणि मॅनेजर कोण होता माहितीये, जेबीएम, स्वतः दोन्ही खेळलेला. दोन आठवड्यांनी फुटबॉल फायनल, समोर परत मीथ, आणि १-११ विरुद्ध १-८ असे तीन पॉइंटांनी हरले. तीन पॉइंट, म्हणजे एक गोल! तो झाला असता तर सामना बरोबरीत सुटला असता, आणि रिप्ले जिंकला असता तर टेडीच्या शेजारी दुसरं नाव आलं असतं. यात दम कुठे कमी पडला ते मला दाखवा.

दम नाही म्हणणाऱ्यांनी महिला ड्युअल प्लेअरचं तर बोलूच नये, त्या आजही खेळतायत आणि दोन संघटनांनी दोन वेगळी वेळापत्रकं लावल्यामुळे एकाच दिवशी कमोगी आणि फुटबॉल यातलं एक निवडायची पाळी त्यांच्यावर आलेली आहे. जीएए, महिला फुटबॉल आणि कमोगी या तिन्ही संघटना २०२७ पर्यंत एक करायचं २०२४ मध्ये ठरलं, माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकलीस यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ते जाहीर केलं. ते झालं की कॅलेंडर एकाच टेबलावर बनेल, आणि मला बघायचंय की पहिल्याच वर्षी तिथे कोणी कमोगीचा आणि फुटबॉलचा सामना वेगवेगळ्या शनिवारी टाकतं का.