धाडस वेगळं, भरवसा वेगळा

‘धाडसी लोक चालकविरहित गाडीत आधी बसतील, भित्रे मागून’ हे चालकविरहित गाड्यांवरच्या लेखातलं विधान काही पटलं नाही. माझा थोरला भाऊ एरवी बिनधास्त ओव्हरटेक करतो. पण गाडीतल्या अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलने (वेग आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेने) पुढची गाडी पाहून आपोआप वेग कमी केला की ह्याचा पाय लगेच ब्रेकवर, चेहरा बघण्यासारखा! ओव्हरटेकचा धोका त्याने स्वतः पत्करलेला, यंत्राचा मात्र लादलेला वाटतो. अमेरिकी अभियंते चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्येच मांडलं होतं, की स्वतःहून पत्करलेला धोका माणसं लादलेल्या धोक्याच्या साधारण हजारपट सहन करतात.

मला धास्ती वाटते ती यंत्रावर पटकन विसंबणाऱ्यांची. २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टेम्पीत चाचणीच्या स्वयंचलित गाडीने पादचारी महिलेला उडवलं, तेव्हा देखरेखीला बसलेल्या चालकाचं लक्ष मोबाइलमध्ये होतं, असं तपासात निघालं. लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही.