उपाशी बागेत चालायला जाणे

डॉक्टर म्हणाले रोज चाला, म्हणून घरामागची बाग गाठली. गेटवरच्या पाटीवर कुठल्यातरी माननीयांच्या कैलासवासी वडिलांचं चांगलं दोन ओळींचं नाव आहे, पण ते तिथल्या वॉचमनलाही पाठ नाही. सगळे म्हणतात उपाशी बाग, कारण आत खायला न्यायची सक्त मनाई आणि गेटला खेटून भेळेची गाडी. ज्या पुण्यात जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा आणि खुन्या मुरलीधर सुखाने नांदतात तिथे हे नाव तसं सोज्वळच म्हणायचं.

बाग एवढीशी की इअरफोनचा गुंता सुटेपर्यंत एक राउंड होतो. सगळे एकाच दिशेने चालतात, मी निघालो उलटा, त्यामुळे एक निळ्या पंजाबी ड्रेसवाल्या काकू दर मिनिटाला समोरून यायला लागल्या. आता दर वेळी चेहरा काय करायचा? पहिल्यांदा हसलो, मग नुसती मान हलवली, मग फोनमध्ये बघितलं, मग बहाव्याच्या शेंगा इतक्या बारकाईने बघितल्या की काकूच थांबल्या. "कुठल्या बिल्डिंगमधले हो तुम्ही?" सांगितलं. "कितव्या मजल्यावर?" तेही सांगितलं, काय करणार.

ओपन जिमच्या झुलायच्या मशीनवर दोन आज्या शेजारी शेजारी उभ्या, पाय जेमतेम वीतभर हलतायत, तोंडं मात्र फुल स्पीडमध्ये, विषय सून. म्हटलं ॲक्युप्रेशरच्या गोट्यांवरून चालावं तर लगेच बाकावरून आवाज, "चप्पल काढा!" काढली. दोन पावलांत सगळे पूर्वज आठवले आणि मी त्याच आवाजाशेजारी जाऊन बसलो. ते आजोबा.

"ही कसली बाग? बाग म्हणजे पेशवे पार्क! १९५६ ला फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, सुरू झाली, वाघ होता, हत्ती होता, २००५ पर्यंत सगळे कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात नेले. आणि सारसबाग आहे ना, तिथे तळं होतं, गणपती मधे बेटावर. उगाच नाही म्हणत तळ्यातला गणपती." मी हो हो करत होतो, उठायला गेलो की शर्टाची बाही धरून पुढचं साल.

घरी आलो तर बायको दार उघडता उघडता म्हणाली, "चालायला गेला होतास की बाकावर बसायला? आत्ताच खालच्या काकूंचा फोन आला होता."