‘गळकी कयाक गळ्यात मारली’: दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही नऊ फुटी सिंगल मागितली आणि आम्ही बारा फुटी, दोन सीटची महाग कयाक गळ्यात मारली. ती गळते. एकटे गेलात की नाक वर करते आणि वाऱ्यावर फिरते. एकट्याला गाडीवर चढत नाही. मुलांची लाइफ जॅकेट वेगळी घ्यायला लावून आम्ही पैसे काढले. आणि पौर्णिमेच्या रविवारी मुलांसकट खाडीच्या चिखलात रुतलात तेव्हा फोनवर ‘बसून राहा’ एवढंच सांगितलं. सगळ्यांना दिसेल असं सविस्तर लिहितो, कारण ठाण्यात कोलशेत रोडच्या आमच्या गाळ्यात येणारं दर दुसरं गिऱ्हाईक हेच मागतं: एकट्याला मासे पकडायला चालेल आणि पोरांनाही नेता येईल अशी एकच दाखवा.

आधी गळतीचं. ही सिट-ऑन-टॉप आहे. आपण आत बसत नाही, बंद पोकळ सांगाड्याच्या वर बसतो. तळापर्यंत आरपार जाणारी जी भोकं दिसतात, ती वर आलेलं पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम ठेवलेली असतात. वजन जास्त झालं की कयाक खोल बसते आणि त्याच भोकांतून पाणी उलटं वर येतं. तुमच्या मॉडेलवर क्षमता १९० किलो छापली आहे. एवढं वजन घेऊन ती तरंगेल, पण नीट वल्हवता येणार नाही. आम्ही छापील आकड्याचे दोन तृतीयांश धरतो, म्हणजे सव्वाशे किलो. तुम्ही, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी मिळून तिथवर पोचलातच. त्यावर तुम्ही टाकलेल्या फोटोत भरलेला आइसबॉक्स आणि दोन बॅगा दिसतात. मुलं असतील त्या दिवशी आइसबॉक्स घरी ठेवा. भोकांना लावायची बुचं मिळतात, पण ती शांत तळ्यातच लावा. लाटा असताना लावलीत तर आलेलं पाणी वरच साचतं, एका बाजूला धावतं आणि कयाक कलंडवतं. तरीही शंका असेल तर काठावर आल्यावर मागचा ड्रेन प्लग (सांगाड्यातलं पाणी काढायचं बूच) उघडून कयाक उभी करा. आतून तांब्याभरापेक्षा जास्त पाणी निघालं तर चीर आहे. घेऊन या, वॉरंटीत बघू.

याच हिशोबात तुमची नऊ फुटी सिंगलही येते. तिची क्षमता १२० किलो, म्हणजे कामाचे ऐंशी. एक माणूस आणि त्याचं सामान एवढ्यात ती संपली. ‘मुलीला मांडीवर घेईन’ म्हणालात म्हणून मी नाही म्हटलं. मांडीवर मूल असताना वल्हं फिरत नाही, आणि गळ मागे नेऊन फेकताना तो कुठे अडकेल ते सांगायला नको. तुम्ही फक्त एकटे जाणार असतात तर मीच तुम्हाला दहा-अकरा फुटी, तीस इंचांहून जास्त रुंदीची, उंच सीटची सिंगल दिली असती आणि ती तुमच्या कयाकपेक्षा सरळ धावली असती. (रॉड ठेवायची दोन भोकं पाडून साध्या कयाकला ‘फिशिंग’ म्हणून विकणारे बरेच आहेत. त्यांच्याकडे जाण्याआधी सीटवर अर्धा तास बसून बघा.)

आता नाक वर उठण्याचं. फोटोत तुम्ही एकटे असताना मागच्या सीटवर बसलेले दिसता. सगळं वजन शेपटीला गेलं की पुढचं टोक पाण्याबाहेर निघतं आणि वारा त्यालाच ढकलतो. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की मग वल्ही मारून हात दुखतात आणि कयाक गोल फिरत राहते. मधला छोटा खळगा यासाठीच आहे. सीटचे चारही हुक काढा, मधल्या कड्यांना अडकवा, पुढचे पट्टे आवळा. नांगराची पिशवी आणि आइसबॉक्स पुढे सरकवा. काठावरच्या कुणाला तरी विचारा, दोन्ही टोकं पाण्यापासून सारखी वर आहेत का. तशी दिसेपर्यंत सामान हलवत राहा. मुलं असतील तेव्हा तुम्ही मागे, धाकटी मधे, मोठा पुढे. दिशा मागून सांभाळली जाते आणि दोघं तुमच्या डोळ्यांसमोर राहतात. एका वेळी एकच रॉड बाहेर, आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला.

जॅकेटचं म्हणाल तर तुमच्या मापाचं जॅकेट मुलाला घालणं म्हणजे न घातल्यासारखंच. मुलांची जॅकेट वजनावर ठरतात आणि त्यांना पायांमधून जाणारा पट्टा लागतो. दुकानात मी मुलीला जॅकेटच्या खांद्यांना धरून वर उचललं होतं, आठवत असेल. पहिल्या जॅकेटमध्ये ती कानापर्यंत आत घसरली. दुसऱ्यात घसरली नाही, तेच बिलात लागलं. दंडावरचे फुगे तरणतलावापुरते ठीक.

गाडीवर चढवण्याचं म्हणाल तर कयाकचं वजन अठ्ठावीस किलो आहे. एक टोक रॅकवर टेकवून दुसरं ढकलायचं, चाकांची ट्रॉली घ्यायची. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

चिखलाबद्दल मात्र मी तेव्हा जे बोललो त्यावर आजही ठाम आहे. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला पाणी उतरलं की मांडीपर्यंत गाळ लागतो आणि आत पाय कापणाऱ्या कालवांच्या शिंपा. दोन मुलांना घेऊन त्यात उतरायचं नाही म्हणूनच ‘बसून राहा’ म्हटलं. अंधार पडला तर १०१ लावा, हेही त्याच फोनवर सांगितलं होतं. कोळीबांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमा पंधरावी तिथी, म्हणून भरती साधारण सव्वाअकरा ते बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी तळाला. त्यातून उधाणाचे दिवस. तुम्ही तीन वाजता निघालात. जिताड्यासाठी एकट्याने खाडीत जायचं तर चढत्या पाण्यावर जा आणि पाणी फिरायच्या आत परता. ऐरोली ते वाशी पुलांमधला पट्टा टाळा, तिथे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. मुलांना खाडीत नेऊ नका, हे बिल करतानाही बोललो होतो. त्यांना तळ्यावर रोहू, तिलापिया दाखवा. बरीच तळी मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यांना आधी विचारून जा.

एवढं करूनही नको वाटली तर ओरखडे बघून वापरलेल्या मालाच्या भावाने परत घेऊ, नव्याच्या भावाने नाही. सीटचे पट्टे मधल्या कड्यांना पुरत नसतील तर जुने घेऊन या, लांब पट्टे बदलून देतो, त्याचे पैसे नाहीत. सोमवारी दुकान बंद असतं.